उकलता येणारी भिंत

प्रस्तावना

१८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस चालली. आज आपण तिथे जातो तेव्हा तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि आतली उघडी जोती पाहतो, आणि मनाशी धरून चालतो की वाडा तो हाच, वरचं थोडंफार तेवढं गेलं. खरं तर जोत्यावर जे उभं होतं तो वाडा होता आणि तो लाकडाचा होता. १० जानेवारी १७३० या शनिवारी पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ या शनिवारी वास्तुशांत. खर्च १६,११० रुपये. जुन्नरच्या रानातून साग आला, चिंचवडच्या खाणींतून दगड आला, जेजुरीच्या पट्ट्यातून चुना आला. देवाजी सुतार, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट अशी कारागिरांची नावं सांगितली जातात. दोन वर्षांत एवढी वास्तू उभी राहते ती लाकडी सांगाड्यामुळे, कारण पाथरवट जोतं चढवत असतो तेव्हाच शेजारच्या मोकळ्या जागेत सुतार खांब आणि तुळया घडवत असतो. दोघांची कामं एकाच वेळी चालतात आणि जोतं तयार झालं की लाकूड त्यावर चढतं.

हे पुस्तक त्या जोत्याच्या वर काय होतं याबद्दल आहे. आणखी नेमकं सांगायचं तर भिंतीबद्दल आहे: लाकडाचा सांगाडा, त्यात विटा किंवा भेंडे, सांध्यात माती, वरून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा, आणि हे सगळं हातांनी. पुण्यातल्या वाड्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यात नक्षी आहे, चौक आहेत, दिवाणखाने आहेत, कुणाचा वाडा कुणाकडे गेला याच्या हकिगती आहेत. भिंत कशी रचतात, ती कुठे खचते आणि खचली की कशी उघडायची, हे लिहिलेलं फार थोडं आहे. ज्यांना ते येत होतं त्यांना लिहायची गरज पडली नाही, आणि ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी भिंतीला हात लावला नाही. ही फट बुजवायचा प्रयत्न म्हणून हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं.

हातांनी घर बांधायचं म्हटलं की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा परदेशी चित्रफितींतलं ओंडक्यांचं घर येतं. एकावर एक आडवे रचलेले गोल ओंडके, कोपऱ्यात एकमेकांत खाच करून अडकवलेले, फटींमध्ये शेवाळ ठोकलेलं. नॉर्वे, स्वीडन, रशिया इथली ही जुनी रीत आहे. आपल्या देशातही ती आहे: काश्मीरच्या गुरेझ खोऱ्यात ओंडक्यांची घरं आहेत, आणि हिमाचलात काठकुणी पद्धतीने देवदाराच्या तुळया आणि दगडांचे थर आलटूनपालटून रचून चुन्यामातीशिवाय भिंत उभी करतात. मग सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे साग आणि ऐन यांची रानं होती, तिथे अशी भिंत का झाली नाही?

याचं उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे आणि पुस्तकाची सगळी मांडणी त्यावर उभी असल्याने इथे थोडं थांबतो. लाकूड वाळताना आखडतं, पण सगळीकडून सारखं आखडत नाही. खोडाच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ जिथल्या तिथे राहतं, आणि आडव्या अंगाने बारीक होतं. साग या बाबतीत फार समजूतदार, तरी तोही आडव्या अंगाने शंभराला दोन-अडीच ते पाच-साडेपाच इतका आखडतो. ओंडके आडवे रचले की भिंतीची सगळी उंची या आखडणाऱ्या अंगावर अवलंबून राहते. म्हणून ओल्या ओंडक्यांची एक मजली भिंत वाळता वाळता काही इंच खाली बसते. उत्तरेकडचा सुतार ते जाणतो, दारा-खिडक्यांच्या चौकटींवर मुद्दाम फट ठेवतो, तिथे लोकर किंवा शेवाळ भरतो, आणि भिंत बसेल तशी फट कमी होत जाते. त्याच्याकडे सरळसोट, हलकी, मुबलक सूचिपर्णी झाडं आहेत आणि थंडीला लाकडाची जाड भिंत हवीच आहे.

आपल्याकडे यांतलं काहीच नव्हतं. साग सरळ वाढतो खरा, पण तो देवदारासारखा रानभर एकसारखा मिळत नाही, आणि तो बैलगाडीने घाट उतरून पुण्यात येईपर्यंत त्याचं मोल इतकं वाढलेलं असतं की त्याचा आडवा ढीग रचून भिंत करणं हा उधळेपणा ठरला असता. शिवाय वाळवी. जमिनीलगत आडवं ठेवलेलं लाकूड दख्खनच्या मातीत किती वर्षं टिकेल हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. म्हणून इथल्या सुताराने लाकूड उभं केलं. उभा खांब वाळला तरी त्याची उंची बदलत नाही, त्यामुळे माडी जिथे ठरवली तिथेच राहते. भार खांबाने घ्यायचा, आणि दोन खांबांमधली जागा ज्याने भरायची ते स्वस्त, जवळ मिळणारं आणि पुन्हा वापरता येणारं असावं. तिथे माती आली, वीट आली. सह्याद्रीच्या अंगाला, मुळशी-वेल्ह्याकडे आणि भीमाशंकरच्या रानात, तिथेच कारवी आली: कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, वरून शेणमातीचा लेप द्यायचा, की कुडाची भिंत तयार. वाडा आणि कुडाची झोपडी यांच्यात संपत्तीचं अंतर आकाशपाताळाएवढं आहे, पण भार लाकडावर आणि आडोसा मातीचा ही समज दोघांची एकच आहे.

आता भिंत.

सुरुवात जोत्यापासून होते, आणि जोत्याच्याही आधी जमिनीपासून. पुण्याच्या आसपास काळी माती लागली तर ती पूर्ण खणून काढायची आणि मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत जायचं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभं केलेलं काहीही दर वर्षी थोडं थोडं हलतं. जोतं घडीव दगडाचं. त्यावर जिथे जिथे खांब यायचा तिथे तळखडा. तळखडा म्हणजे खांबाखालचा घडवलेला दगड, आणि माझ्या मते सगळ्या वाड्यात याच्याइतकी शहाणपणाची वस्तू दुसरी नाही. तो खांबाला जमिनीच्या ओलीपासून वर उचलतो, वाळवीचा रस्ता उघड्यावर आणतो म्हणजे तिची मातीची नळी लगेच दिसते, आणि खांबावरचा भार पसरून जोत्यावर देतो. खांबाचा पाय कुजला तर तेवढाच भाग कापून नवा तुकडा सांधता येतो, हीदेखील त्याचीच देणगी. जुन्या वाड्यांत नंतरच्या भाडेकरूंनी फरशी वर घेतली आणि तळखडे फरशीखाली गाडले गेले. अशा बहुतेक ठिकाणी खांबाचा पाय कुजलेला सापडतो.

खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. घराचं माप खणांत सांगायची रीत अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे: तीन खणी सोपा, पाच खणी माडी. यात नुसतं माप नाही, बांधणीची शिस्त आहे. मिळालेल्या लाकडाच्या लांबीवरून खण ठरतो आणि खणावरून खोली ठरते, त्यामुळे कुठलंही लाकूड त्याच्या ताकदीपलीकडे ताणलं जात नाही. हस्ताचं कामही तेच. तो दोन्ही बाजूंना पुढे आलेला असल्याने तुळईचा मोकळा पल्ला कमी होतो. विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागात सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलांची नक्षी बघताना लोक नक्षीतच अडकतात, आणि ती नक्षी आहेही तशी. पण नक्षी काढून टाकली तरी तिथल्या प्रत्येक लाकडाला एक नेमून दिलेलं काम आहे, हे एकदा डोळ्यांना दिसू लागलं की मग ते सगळीकडे दिसतं.

सांधा कूस आणि खाच यांचा. खांबाच्या डोक्यावर कूस काढायची, वरच्या लाकडात तिच्या मापाची खाच पाडायची, बसवायची, आरपार भोक पाडून त्यात लाकडी खुंटी ठोकायची. खिळा का नाही? लोखंडावर दमट हवा बसली की ते गंजतं, गंज फुगतो, भोवतीचं लाकूड फुटतं किंवा काळं पडून ठिसूळ होतं. त्याहून मोठं कारण असं की खुंटी काढता येते. मागून ठोकली की ती बाहेर येते, सांधा मोकळा होतो, एक लाकूड बदलून बाकीचं जिथल्या तिथे ठेवता येतं. लाकडी सांध्याला किंचित हलायलाही जमतं, आणि धरणीकंपात त्या किंचित हलण्याने फार फरक पडतो.

सांगाडा उभा राहिला की सुतार बाजूला होतो आणि गवंडी येतो. मातीची परीक्षा इथे. मूठभर माती भिजवून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून टाकायचा. फुटून चुरा झाला तर चिकणमाती कमी आहे, नुसताच चपटा झाला तर जास्त आहे. अर्धी बाटली माती आणि वर पाणी घालून हलवून ठेवली तर दुसऱ्या दिवशी रेती, गाळ आणि चिकणमाती यांचे थर वेगळे दिसतात. काळी माती इथेही चालत नाही. जुन्या वस्तीची पांढरी माती घ्यायची, नाहीतर मुरुमात लाल माती मिसळायची. ती पाण्यात भिजत घालायची, भुसा घालायचा, तुडवायची, पुन्हा झाकून ठेवायची. चांगला गवंडी ताज्या चिखलाला हात लावत नाही. भुसा थोडा कुजला, चिखलाला वास आला, बोटांना तो लोण्यासारखा लागू लागला की मगच थापी उचलायची. तुडवण्याचं, वाहण्याचं आणि शेवटी लिंपण्या-सारवण्याचं काम मुख्यतः बायकांनी केलं आहे. नक्षी करणाऱ्या सुतारांचं कौतुक होतं, या बायकांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत. भिंतीचं आयुष्य मात्र बऱ्याच अंशी त्यांच्या हातांवर ठरलं.

विटा पातळ, चपट्या. भाजलेल्या विटा बाहेरच्या अंगाला, आणि जिथे पाऊस पोचत नाही तिथे भेंडे, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा. दर काही थरांनंतर ओळंबा सोडायचा. खांबाच्या भोवती वीट घट्ट आवळायची नाही, बोटभर जागा ठेवून ती नुसत्या मातीने भरायची, म्हणजे लाकडाला पावसाळ्यात फुगायला आणि उन्हाळ्यात आखडायला वाव राहतो. भिंत चढत जाते तसे कोनाडे, देवळ्या, फडताळं यांच्या चौकटी आत बसत जातात. त्या भिंत फोडून नंतर केलेल्या नसतात. दिवा, देव, पोथ्या, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांची जागा भिंतीच्या जाडीतच असते, आणि तेवढा भिंतीचा भारही हलका होतो. घर हातांनी बांधायला निघालेल्याने हे आधी कागदावर मांडावं, कारण जाड भिंतीत एकदा राहिलेला कोनाडा नंतर फार महागात पडतो.

चुन्याचं प्रकरण पुस्तकात मोठं आहे आणि ते तसंच असायला हवं होतं. चुनकळी विरवणं, तो चुना मुरत ठेवणं, वाळू घालून घाणीत बैलाकडून दळून घेणं, त्यात गूळ, बेलफळाचा गर, तागाचे तुकडे मिसळणं, यांतल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि ते कारण इथे सविस्तर सांगितलं आहे. मला फक्त एवढंच जोडायचं आहे की चुन्याचा गिलावा मातीच्या भिंतीला शोभतो, कारण दोघांमधून ओल आरपार जाऊ शकते. पावसाळ्यात भिंत थोडी ओली होते आणि कार्तिकापर्यंत ती ओल सोडून देते. एप्रिलच्या दुपारी बाहेर चटके बसत असताना आतली खोली जी थंड लागते ती भिंतीच्या जाडीने लागते.

या भिंतीच्या चुका झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिच्यावर प्रेम करणारे लोक बऱ्याचदा तेच करतात, आणि मग तिला शत्रू मानणाऱ्यांचं फावतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं अपुरं धरण फुटलं, त्यामागोमाग खडकवासला गेलं, आणि मुठेचं पाणी नारायण, शनिवार, कसबा या पेठांत शिरलं. जुन्या वाड्यांच्या मातीच्या सांध्यांनी ते पाणी पिऊन घेतलं आणि भिंती आतून विरघळल्या. पुण्याच्या पेठांचा चेहरा त्या एका दिवसाने बदलला. मातीच्या सांध्याची भिंत पाण्यात उभी राहू शकत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं आणि ते मान्य करावंच लागतं. नदीकाठी बांधायचं असेल तर पुराच्या खुणेपर्यंत दगड आणि चुना, त्याच्या वरच माती.

दुसरा धडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव भागातली हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीच्या ढिगाऱ्याखाली. त्या भिंती खरं म्हणजे एक भिंत नव्हत्या. बाहेरच्या अंगाचे दगड आणि आतल्या अंगाचे दगड यांच्यामध्ये खडी-माती भरलेली होती, आणि दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड कुठेच नव्हता. धक्का बसला तशी दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटली. जिथे आत खणाचा लाकडी सांगाडा नीट होता तिथे काही ठिकाणी भिंती कोसळूनही छत खांबांवर राहिलं आणि आतल्या माणसांना बाहेर पडता आलं. पण तिरप्या आधाराशिवाय नुसते खांब आणि तुळया कलतात, हेही तिथे दिसलं. काश्मीरच्या धज्जी देवारीत लाकडाच्या चौकटीला तिरपे आधार असतात आणि मधले पोकळ भाग लहान लहान ठेवलेले असतात. आपल्या खणाच्या भिंतीने ते तिच्याकडून शिकायला हवं, आणि या पुस्तकातल्या नव्या भिंतीच्या आराखड्यात ते घेतलेलं आहे. पुणे कोयनेपासून लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेच्या भूकंपाचा धक्का इथे जाणवला होता.

पूर आणि भूकंप वाड्यांचे मोठे शत्रू होते, पण एकूण हिशेबात त्यांनी पाडलेल्या भिंती कमी भरतील. जास्त भिंती दुरुस्तीअभावी गेल्या. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबई इलाख्यातली भाडी गोठली आणि पुष्कळ ठिकाणी ती १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर राहिली. महिन्याला काही रुपये भाडं देणारा भाडेकरू भिंतीला हात लावायला तयार नाही, कारण भिंत मालकाची. मालक तयार नाही, कारण त्या भाड्यात एक कडीसुद्धा बदलून होत नाही. १९९९ च्या नव्या कायद्याने दर वर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली, तोवर दोन पिढ्या कौलं न चाळता गेल्या होत्या. एक कौल सरकलं की पाणी वाशावर, वाशावरून भिंतीच्या डोक्यावर, तिथून आतल्या खांबावर. मातीच्या भिंतीला डोकं आणि पाय कोरडे हवेत. डोकं ओलं झालं की तिचं आयुष्य वर्षांवर येतं. पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. त्या यादीतल्या वाड्यांत शिरून पाहिलं तर सुरुवात जवळजवळ नेहमी छपरापासून झालेली दिसते.

आणि मग सिमेंट आलं. भिंतीला भेग पडली, ओल दिसली, की वरून सिमेंटचा गिलावा मारायचा, हा उपाय इतका सोपा आणि इतका स्वस्त वाटला की शहरभर तोच झाला. सिमेंटचा कडक थर मऊ मातीबरोबर हलत नाही, म्हणून तो सुटतो. सुटला नाही तर त्याहून वाईट, कारण मग आतली ओल बाहेर जाऊ शकत नाही आणि ती लाकडात शिरते. बाहेरून भिंत गुळगुळीत, रंगवलेली दिसते, आणि आत दोनशे वर्षं टिकलेला खांब वीस वर्षांत भुसा होतो. मी अशा भिंती उघडताना पाहिल्या आहेत आणि त्या वेळी आलेला राग अजून गेलेला नाही. ज्या भिंतीचा सगळा गुण ती उकलता येते यात होता, तिलाच बंद करून टाकलं होतं.

उकलता येणं म्हणजे काय, हे एका दुरुस्तीवरून सांगतो. आतल्या खांबाचा पाय कुजला आहे. शेजारच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू द्यायचे आणि जॅकने तुळई केसभर उचलायची. खांबाभोवतीच्या विटा एकेक काढायच्या. मातीचा सांधा थापीच्या टोकाने सुटतो, वीट अखंड हाती येते. कुजका भाग कापायचा, नवा सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा, खुंटी ठोकायची. तळखडा साफ करायचा. निघालेली माती पुन्हा भिजवायची, तुडवायची, त्याच विटा त्याच मातीत त्याच जागी लावायच्या. बाहेरून आणायचं ते फक्त हातभर लाकूड आणि थोडा चुना. काँक्रीटच्या खांबात सळ्या गंजल्या तर असं काही करता येत नाही. हा फरक समजला की हाताने भिंत बांधणं आणि हाताने भिंत सांभाळणं या दोन वेगळ्या विद्या नाहीत हेही समजतं. ज्याने एकदा खांब बदलला आहे त्याला नवा खांब कसा उभा करायचा ते सांगावं लागत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये बुधवार पेठेतला भिडेवाडा पाडला गेला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे सुरू केली ती ही जागा. तिथे आता राष्ट्रीय स्मारक होणार आहे आणि ते व्हायलाच हवं. पण अनेक वर्षं खटला चालू असताना त्या वास्तूचं लाकूड आणि माती यांच्याकडे कुणी पाहिलं असतं, तर त्या खोलीच्या भिंतीही स्मारकाचा भाग होऊ शकल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं. उलट उदाहरणही याच शहरात आहे. विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधून पूर्ण केला. १८७९ च्या मे महिन्यात त्याला आग लागली आणि दर्शनी भाग जळाला. तरी लोकांच्या मदतीने तो पुन्हा उभा राहिला, आणि अलीकडच्या काळातही त्याची डागडुजी होत आली आहे. आज तिथे उभं राहून कुठलं लाकूड जुनं आणि कुठलं नवं हे डोळ्यांनी ओळखायचा प्रयत्न करावा. पुस्तक वाचण्याआधी करण्याजोगी ती सगळ्यांत चांगली तयारी आहे.

पाडलेल्या वाड्यांचं काय होतं हेही सांगायला हवं. तुळया, खांब आणि दारं टिंबर मार्केटच्या आसपास आणि जुन्या बाजारात जातात. दोनशे वर्षं मुरलेला साग वजनाला आणि घनतेला आजच्या लागवडीच्या सागाशी तुलना होणार नाही असा असतो. त्याची चकचकीत टेबलं आणि हॉटेलांतले खांब होतात. खांब विकत घेऊन तो पुन्हा खांब म्हणूनच वापरणारी माणसं थोडी आहेत, पण ती आहेत, आणि मुळशी, भोर, वेल्ह्याकडे शेतघर बांधणाऱ्यांत त्यांची संख्या वाढते आहे. त्यांच्यासाठीही हे पुस्तक आहे. त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो: आपल्याच जमिनीतला साग तोडायचा असला तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि लाकूड रस्त्याने न्यायलाही वन खात्याचा परवाना लागतो. जुनं लाकूड घेतलं तर ही यातायात कमी होते, लाकूड वाळलेलं मिळतं, आणि वर एखादं झाड उभं राहतं. जुन्या लाकडातले खिळे मात्र आधी शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचं पातं पहिल्याच दिवशी जातं.

हे सगळं शिकवणारे हात कमी होत आहेत. पण अजून संपलेले नाहीत, आणि म्हणून मला या पुस्तकाची घाई वाटत होती. वाकस चालवणारा सुतार आज मुख्यतः देवळांच्या आणि गावाकडच्या जुन्या घरांच्या कामावर सापडतो. बाकीच्यांच्या हातात यंत्राची करवत आहे आणि त्यात काही वाईट नाही, कारण खाच यंत्राने पाडली म्हणून सांधा खोटा होत नाही. खोटा होतो तो मापाच्या उतावळेपणाने. चांगला सुतार कूस घडवताना ती थोडी जाड ठेवतो, खाचेवर धरून पाहतो, पुन्हा पटाशीने एक कातळी काढतो, पुन्हा धरतो. हे शब्दांत शिकवता येत नाही, तरीही शब्दांत मांडायचं धाडस या पुस्तकाने केलं आहे, आणि जिथे शब्द अपुरे पडतात तिथे आकृत्या आहेत. तंत्रशिक्षणाच्या शाळांतून आणि स्थापत्याच्या महाविद्यालयांतून काँक्रीटची मापं पाठ करणाऱ्या मुलांनी सुट्टीत एक खण, फक्त एक, हाताने बांधून पाहावा. त्या एका खणात जोतं, तळखडा, खांब, हस्त, तुळई, कडी, वीट, माती, चुना सगळं येतं.

वेळापत्रक पुस्तकाच्या शेवटी दिलं आहे, पण ते आधी वाचावं. लाकूड दिवाळीनंतर निवडून सावलीत, हवेशीर रचून ठेवायचं. जोत्याचं काम मार्गशीर्ष-पौषात. माती त्याच वेळी भिजत घालायची म्हणजे माघापर्यंत ती तयार होते. सांगाडा उभा झाला की छप्पर लगेच चढवायचं, भिंतीच्या आधी. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, पण लाकडी सांगाड्याचं हेच मोठं सुख आहे: आधी डोक्यावर सावली करता येते आणि मग तिच्याखाली, घाई न करता, भिंत रचता येते. बाहेरच्या अंगाचा चुन्याचा गिलावा वैशाखाआधी संपवायचा आणि कडक उन्हात त्यावर ओली पोती टाकायची, नाहीतर तो भेगाळतो. आतला मातीचा गिलावा पहिल्या पावसाळ्यानंतर केला तरी चालतो. तोपर्यंत भिंत थोडी बसलेली असते आणि कुठे काय राहिलं तेही दिसलेलं असतं.